दीड कुठून आणू?

परीक्षा कोणती आणि साल कोणतं, हे मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळूनही ते गप्प बसतील. तेव्हाही बसले होते. मी बसले नव्हते. औरंगाबादच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पन्नास-साठ परीक्षक गणिताचे पेपर तपासत होते आणि त्या सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. संध्याकाळी घरी येऊन मी तोच आवाज यजमानांना पुन्हा काढून दाखवायची, जेवता जेवता, हात वाळेपर्यंत. ते बिचारे वाढून घ्यायचे आणि मान हलवायचे.

भांडण एका गणितावरून होतं. साइन थीटाच्या वर्गाची चौपट अधिक कोसेक थीटाच्या वर्गाची नऊपट, या बेरजेची किमान किंमत काढा. सहा मार्क. गणिताचं नाव काढलं की पान उलटणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत, माझ्याच घरात चार आहेत. त्यांना सांगते, जरा थांबा. यात घाबरण्यासारखं काही नाही आणि हे कळल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळणार नाही.

साइनच्या वर्गाला क्ष म्हणू. कोन कुठलाही घ्या, हा क्ष एकाच्या वर जात नाही. शून्य इथं चालत नाही, कारण कोसेकचा वर्ग म्हणजे एक भागिले क्ष. तेव्हा बेरीज झाली चार क्ष अधिक नऊ भागिले क्ष. आता घोकंपट्टीवाल्यांना एक युक्ती ठाऊक असते. दोन धन संख्यांचा गुणाकार ठरलेला असला, तर त्यांची बेरीज त्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुपटीखाली जात नाही. इथं गुणाकार चार नवे छत्तीस. वर्गमूळ सहा, दुप्पट बारा. झालं. किमान किंमत बारा, खाली दोन रेघा, चला पुढच्या गणिताला.

आणि हे साफ चूक आहे. बेरीज बाराच्या खाली जात नाही हे खरं, पण ती बारा होते हे कुणी सांगितलं? बारा व्हायला दोन्ही तुकडे सहा-सहा हवेत. चार क्ष म्हणजे सहा, तर क्ष दीड हवा. आणि क्ष तर एकाच्या वर जातच नाही. क्ष पाव घ्या, बेरीज सदतीस. अर्धा घ्या, वीस. पाऊण घ्या, पंधरा. एक घ्या, तेरा. एकावर क्षची धाव संपते, म्हणून किमान किंमत तेरा. बारा ही किंमत ती बेरीज जन्मात कधी घेत नाही.

वरून छापून आलेल्या नमुना उत्तरात बारा होतं.

हॉलमधले प्रमुख परीक्षक, ज्यांनी तो नमुना आम्हाला वाचून दाखवला, ते माझे सर होते. हे गणित असं बघायचं असतं हे मला ज्यांनी शिकवलं, तेच. परका माणूस असता तर मी चारचौघांसारखी चिडले असते आणि विसरले असते.

सरांनी मला शिकवलं त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. पोलिस ॲक्शन होऊन आमचं संस्थान भारतात आलं त्याला दहा-बारा वर्षं उलटली असतील, मी पाचोडकडून मामांच्या घरी येऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षात बसले होते. सरांचं सगळं शिक्षण आधीच्या राजवटीतलं, म्हणजे उर्दूतलं. आडनाव काहीही असो, आमच्या भागात त्या पिढीचा कॉलेज शिकलेला माणूस उर्दूतच शिकलेला असायचा. मग राज्य बदललं, शिकवायची भाषा बदलली, आणि ऐन पंचविशीत सरांना गणिताचा शब्द न् शब्द नव्यानं पाठ करावा लागला. फळ्यावर ते मराठी-इंग्रजीच लिहायचे. रंगात आले की मात्र उर्दू बाहेर यायची.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक राशी लिहिली, मला उभं केलं आणि म्हणाले, "चलो, इसकी अक्कल निकालो."

अक्कल काढणं म्हणजे काय हे पाचोडात लेकराला पण कळतं. वर्गात आम्ही तीन मुली, बाकी सगळी पोरं, आणि हा माणूस सगळ्यांदेखत माझी अक्कल काढायला निघाला. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "माझी अक्कल काढायचं काम नाय सर. येत नसंल तर खाली बसवा."

सर आधी बघतच राहिले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांच्या उर्दू गणितात सगळ्यात मोठ्या किमतीला आज़म म्हणत आणि सगळ्यात लहान किमतीला अक़ल. बुद्धीवाली अक्कल ऐन या अक्षरानं सुरू होते, ही लहान किमतीवाली अलिफनं. लिहिलं की फरक डोळ्यांना दिसतो, आपल्या कानांना दोन्ही सारखंच. त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहून दाखवले, मला खाली बसवलं आणि म्हणाले, "पहले ऐनवाली लगाओ, फिर अलिफवाली निकालो." पुढं वर्षभर पोरं मला बघून अलिफ-अलिफ करायची. एकदोघांना मी चांगलंच सुनावलं होतं.

पण सर शिकवायचे असे की बस. कमाल असो की किमान, उत्तर सांगितलं की त्यांचा एकच सवाल असायचा. जागा कुठंय? म्हणजे ही किंमत कुठल्या कोनाला येते ते दाखव. साइनची तिप्पट अधिक कोसाइनची चौपट, कमाल किंमत किती? वर्गातली निम्मी पोरं ओरडली, सात. साइन जास्तीत जास्त एक, कोसाइन जास्तीत जास्त एक, तीन न् चार सात. सर म्हणाले, "साइन माळवदावर चढतो तेव्हा कोसाइन खाली अंगणात असतो. दोघं एकदम वर आलेले कुणी बघितलेत? सात कुठल्या कोनाला येतात ते दाखवा, मी नोकरी सोडतो." उत्तर पाच निघालं, आणि पाच कुठल्या कोनाला येतात तेही आम्हाला काढावं लागलं. ते काढल्याशिवाय वहीवर त्यांची सही पडायची नाही. जागा नसलेल्या उत्तराला ते थाप म्हणायचे. "थाप मत मारो," असं म्हणून वही परत द्यायचे.

मी पुढं गणितच घेतलं ते या माणसामुळं. शहरातल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा माझ्या वर्गातही हाच सवाल असायचा. माझ्या विद्यार्थ्यांनी मला मागं काय नाव ठेवलं होतं ते मला माहीत होतं. जागाबाई.

तर या सरांनी मे महिन्याच्या उन्हात, पाणी गळणाऱ्या कूलरच्या आवाजात, पन्नास-साठ परीक्षकांना वाचून दाखवलं, "किमान किंमत बारा. युक्ती वापरून उत्तर, पूर्ण सहा गुण."

मी उभी राहिले. "सर, जागा कुठंय?"

त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "बसा मॅडम," म्हणाले.

वीस वर्षं हा माणूस मला तू म्हणत आला. माझ्या लग्नात अक्षता टाकायला आला होता. रस्त्यात भेटला तरी, काय बेटी, म्हणून थांबायचा. त्या दिवशी मी मॅडम झाले. मला तिथंच कळायला हवं होतं की सर नमुना वाचत नव्हते, नमुन्याच्या मागं लपत होते.

मी बसले नाही. पुढं गेले, खडू घेतला, फळ्यावर सगळं मांडलं, जे वर तुम्हाला सांगितलं तेच. तेरा लिहून खाली रेघ मारली आणि वळले. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. गणित शिकवणारी पन्नास-साठ माणसं, आणि एकालाही फळ्याकडं बघवेना. कन्नडहून आलेले एक गृहस्थ मनगटावरच्या घड्याळात बघत म्हणाले, "मॅडम, आमाला सांच्याला घाट उतरायचाय. लौकर उरका." दुसरे म्हणाले, "बारा लिव्हणारीच पोरं लई असत्याल. त्यायचं नुकसान कशापायी करता?"

"मग दोन्हीला द्या," मी म्हणाले. "बारावाल्यांना द्या, तेरावाल्यांना पण द्या. निदान बरोबर लिहिणाऱ्याला शून्य तरी देऊ नका."

सर म्हणाले, "नमुन्यात बदल करायचा अधिकार आपल्याला नाही."

अधिकार! साइनचा वर्ग एकाच्या वर न्यायचा अधिकार नमुन्याला कुणी दिला होता? हे मी मोठ्यानं म्हणाले. दोघं-तिघं हसले आणि लाल पेनांची टोपणं निघाली. बैठक संपली.

माझ्या शेजारी खुलताबादचे एक मास्तर बसत. रोज एसटीनं येत, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, बोलणं जवळजवळ नाहीच. मी येऊन धपकन खुर्चीत बसले तेव्हा ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचंच बरुबर हाय."

"मग उठून सांगायचं की!"

"त्यानं काय व्हतंय," ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

असली माणसं मला मनापासून आवडत नाहीत. कानात बरोबर म्हणायचं आणि सभेत खाली बघायचं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहा आला की कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पेपर हातात आला.

तोपर्यंत तेराचा एकही पेपर माझ्या गठ्ठ्यात निघाला नव्हता. बारा, बारा, बारा, आणि कोरी जागा. मी बारांना सहा-सहा देत होते आणि दर वेळी दात खात होते. पेपरांवर नाव नसतं, गाव नसतं, नुसता नंबर. हा पेपर बेताचाच होता. निम्मे प्रश्न सोडलेले, सूत्रं अर्धवट आठवलेली, एका ठिकाणी चुकून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर. पाठांतराचं नाव नाही. अक्षर मोठं, गोल, रेघ सोडून वर चढणारं. आणि मग ते गणित. मी ते त्याच दिवशी पाठ केलं, आजही जसंच्या तसं सांगते.

"युक्तीनं १२ येतंय. पण १२ यायला क्ष दीड पायजे. साइनचा वर्ग एकाच्या वर जात नाय. मंग दीड कुठून आणू? म्हणून १२ येतच नाय." त्याखाली पाव, अर्धा, पाऊण, एक असं कोष्टक. त्याखाली, "क्ष वाढवला की नऊवाला तुकडा लई कमी व्हतो, चारवाला थोडाच वाढतो. म्हणून क्ष जाईल तिथवर न्यायचा. तो १ वर थांबतो, म्हणजे कोन ९० अंश. उत्तर १३."

मी भर हॉलमध्ये मोठ्यानं हसले. लोकांनी वळून बघितलं. मग माझे डोळे भरून आले, आणि मला त्याचाही राग आला. परीक्षेत पुस्तकी मराठी लिहायची असते हे या लेकराला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवूनही घाईत ते विसरलं होतं. जसं बोलतं तसं लिहून मोकळं झालं. पण जागा दाखवली होती. नव्वद अंश. कुणी न मागता.

बाकीच्या पेपरची बेरीज एकोणतीस होती. पास व्हायला पस्तीस लागत. या सहा मार्कांवर ते पोर पास होणार होतं किंवा नापास होणार होतं, मधे काही नव्हतं. कृपागुणांच्या पट्टीतही सहा बसत नव्हते. मी दोनदा बेरीज केली, इकडं तिकडं कुठं अर्धा मार्क सापडतो का बघितलं. नव्हता. मग लाल शाईनं त्या गणितापुढं सहा लिहिले, वरच्या चौकटीत पस्तीस लिहिले, गोल केला, आणि गठ्ठा सरांच्या टेबलावर पाठवला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. त्यातला तो पेपर सगळ्यात वर ठेवलेला. माझ्या सहावर हिरवी रेघ, शेजारी हिरवं शून्य. पस्तीसवर हिरवी रेघ, शेजारी एकोणतीस. बाजूला सरांच्या त्या सुंदर, तिरक्या अक्षरात, "नमुन्याप्रमाणे." आणि खाली सरांची सही. मार्क बदलले की प्रमुखांची आणि परीक्षकाची अशा दोन सह्या लागत. माझ्या सहीची जागा कोरी होती.

मी खुर्ची मागं ढकलली ती पडलीच. खुलताबादचे मास्तर अर्धवट उठले. "मॅडम, जरा थांबा, मी काय म्हनतो..."

"तुम्ही काही म्हणू नका," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी पण काही म्हणाला नाहीत. आता काय राहिलंय म्हणायचं?"

ते बसले. मी पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, हे वाचलंत?"

"वाचलं."

"पूर्ण वाचलंत?"

"दो बार पढ़ा," सर म्हणाले. "बहोत अच्छा लिखा है."

म्हणजे त्यांना कळलं होतं. न कळून हिरवी रेघ मारली असती तर मी समजून घेतलं असतं. वय झालं, डोळे थकले, पेपर फार होते, मीच काहीतरी कारण शोधून दिलं असतं. यांनी दोनदा वाचून, छान म्हणून, रेघ मारली होती.

"मग शून्य कशाचं?"

"नमुना बारा म्हणतो."

"नमुना चुकलाय."

"चुकलाय." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ज्यांनी पेपर काढला ते माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे आहेत. त्यांना चूक म्हणायचं तर मला लिहून द्यावं लागेल, मग चौकशी, मग निकाल लांबणार, मग वर्तमानपत्रं. नोकरीचे माझे अकरा महिने राहिलेत. मला वाद नको."

"सर, या लेकराला तुम्ही शिकवलं नाय, तरी त्यानं जागा शोधली. तुम्ही आमच्या वह्या फेकून दिल्या होत्या जागेसाठी!"

"सही कर."

"नाय करत."

आता हॉल थांबला होता. सर खुर्चीत सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझी सही नसेल तर हा गठ्ठा बंद होत नाही. गठ्ठ्यात सव्वाशे पोरं आहेत. एकासाठी सव्वाशेंचा निकाल अडवायचाय का तुला?"

हे ऐकून माझा तोल गेला. "तुमच्याकडं ऐनवाली पण उरली नाय आणि अलिफवाली पण!" असं मी सरांना, माझ्या सरांना, भर हॉलमध्ये ओरडून म्हणाले. बहुतेकांना त्यातलं काही कळलं नाही. सरांना कळलं. त्यांचा चेहरा पडला. वेगळी वेळ असती तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, पण त्या वेळी मला बरं वाटलं. आणखी दोन-तीन वाक्यं बोलले. लाचारीचा शब्द वापरला. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

माझं संपल्यावर सर अगदी हळू म्हणाले, "झालं बोलून? आता सही कर, बेटी."

मी केली.

त्या "बेटी"नं केली असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी रागात सही केली. घ्या, हवी ना सही, घ्या, अशी. इतक्या जोरात केली की निब कागदातून आरपार गेली. मला वाटलं मी ती त्यांच्या तोंडावर फेकली. प्रत्यक्षात ती ठरलेल्या चौकटीत, एकोणतीसच्या शेजारी पडली. शिपायानं गठ्ठा उचलला, कापडात बांधला, सुतळी आवळली, लाख लावली. मी जागेवर येऊन बसले तेव्हा स्वतःवर खूश होते. आज एकीनं तरी खरं सुनावलं, असं मनात चाललं होतं.

आठवडाभरानं, तपासणीच्या शेवटच्या दिवशी, वरून पत्र आलं. दुसऱ्या कुठल्या शहरातून कुणीतरी हरकत लिहून पाठवली होती. सरांनीच ते वाचून दाखवलं. त्या गणिताला तेरा हे उत्तरही ग्राह्य धरावं, पूर्ण गुण द्यावेत. मात्र ज्या उत्तरपत्रिकांवर परीक्षकाची सही झालेली नाही आणि ज्या वादाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवल्या आहेत, तेवढ्याच उघडाव्यात. बंद झालेले गठ्ठे उघडू नयेत.

वादाची चिठ्ठी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

माझ्या शेजारी खुलताबादच्या मास्तरांनी टेबलाच्या खणातून दोन पेपर काढले. दोन्हींना टाचणीनं कागदाचा चिटोरा लावलेला, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, "वाद. परीक्षक सही करत नाही." त्यांनी चिटोरे काढले, दोन्ही पेपरांवर सहा-सहा लिहिले, बेरजा दुरुस्त केल्या, सह्या केल्या. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

"हे असं ठेवता येतं?" मी विचारलं.

"व्हय. क्लार्कला इचारलं मी पैल्याच दिवशी. सही नाय केली तर तेवढाच पेपर चिठ्ठी लावून ठेवतेत. गठ्ठा कशाला अडतोय?" त्यांनी टाचण्या गोळा करून खणात टाकल्या. "तुमची खुर्ची पडली त्याच दिवशी सांगणार व्हतो मी, मॅडम. तुमी ऐकूनच घेतलं नाय."

मी क्लार्ककडं धावले. तो रजिस्टर उघडून बोट फिरवत म्हणाला, "तुमचा गठ्ठा तर कव्हाच गेला मॅडम. दोन्ही सह्या हायेत." मी म्हणाले त्यात तेरा लिहिलेला पेपर आहे, मला नंबर पाठ आहे, मी सांगते. तो म्हणाला, "आसंल हो. पण सह्या हायेत ना." मग मी अर्ज लिहिला. मग आणखी एक अर्ज लिहिला. दोन वेळा त्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसले. पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. परीक्षकानं स्वतः मान्य केलेल्या गुणांत बदल करता येत नाही.

प्रमुख परीक्षकाला चिठ्ठीचा नियम ठाऊक नव्हता, असं मी मानत नाही. ज्या माणसानं सव्वाशे पोरांचा धाक घातला त्याला एक टाचणी पुरेशी आहे हे ठाऊक होतं. मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. ते रिटायर झाले त्या समारंभाला गेले नाही, आणि पुढं ते गेल्याचा निरोप आला तेव्हाही घरातच बसून राहिले. लोकांनी मला कृतघ्न म्हटलं. म्हणू देत. पण तो राग मी इतकी वर्षं जपला, कारण त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. सर घाबरले होते, त्यांनी ते कबूल तरी केलं. मी घाबरले नव्हते. मला कुणी काढून टाकणार नव्हतं, माझे अकरा महिने राहिले नव्हते. मला फक्त सही करायची नव्हती, इतकंच काम होतं, आणि ज्या माणसाला मी भित्रा ठरवलं त्यानं एक शब्द न बोलता ते दोनदा केलं.

जूनमध्ये निकाल लागला. उत्तरपत्रिका तेव्हा कुणाला दाखवत नसत. त्या पोराला फक्त गणितापुढं एकोणतीस दिसले असतील. घरात काय बोललं गेलं असेल ते मला वेगळं कल्पून काढायची गरज नाही, मी त्याच भागातली आहे. बास झालं आता शिक्षण. मुलगी असेल तर त्याच उन्हाळ्यात पाहुणे आले असतील. आणि ते पोर एकटं बसून प्रश्नपत्रिका काढून बघत असेल, आपलं कुठं चुकलं म्हणून. आपल्या तेरावरचा विश्वासही त्यानं सोडला असेल, कारण बाकी सगळ्या पोरांनी त्याला बारा सांगितलं असणार. हिरवी रेघ त्यानं पाहिली नाही. त्याचं बरोबर आहे हे ती मारणाऱ्याला ठाऊक होतं आणि तिच्याशेजारी सही करणारीलाही ठाऊक होतं, हे त्याला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.